पहिली सुई

मुंजा,

परवा आपल्या रेकॉर्डवाल्यांच्या ग्रुपवर एकानं फोटो टाकला. नेहमीचाच फोटो. चटई अंथरलेली, तिच्यावर नव्या आणलेल्या चार रेकॉर्डी पत्त्यांसारख्या मांडलेल्या, खाली एक ओळ : ‘आजची खरेदी’. पाच मिनिटांत अंगठे आले, टाळ्या आल्या, ‘नशीबवान आहात’ आलं. मी मोबाईल हातात धरून येड्यासारखा बसून राहिलो. कशाची वाट बघतोय ते माझं मलाच कळेना. मग ध्यानात आलं. तुझं ते एकच वाक्य अजून आलं नव्हतं. ‘वाजवून पाह्यली का?’

त्या वाक्यापायी निम्म्या ग्रुपला तुझा राग यायचा. लोक हौसेनं कव्हर पुसून, उजेडात धरून फोटो काढणार, आणि तू खालून हा खडा टाकणार. मी तुला म्हणायचो, अरे बाबा, एखाद्या वेळेला नुसतं ‘छान’ म्हणून बघ, जीभ झिजत नाही. तू म्हणायचास, “भाकरीच्या फोटूनं पोट भरतंय का उत्तम? ही रेकॉर्ड हाय. हिला कान लागतेत.”

तू गेल्याचं मीच तिथं कळवलं. हात जोडलेले आले, फुलं आली, आणि तासाभरात खाली कुणाची तरी ‘आजची खरेदी’ आली. मला भडकून काहीतरी लिहायचं होतं. लिहिलं नाही. त्यांचं काय चुकलं? त्यांनी तुझा आवाजच कधी ऐकला नव्हता.

बालाजीचा फोन आला तेव्हा मी पूर्ण्याला घरीच होतो. “काका, आबा गेले,” एवढंच तुझा पोरगा बोलला. हरभऱ्याला पाणी द्यायला गेलास, बांधावर टेकलास, आणि उठलाच नाहीस. मी मिळेल त्या पॅसेंजरनं निघालो. पिंगळीला उतरून तुझ्या घरापर्यंतची वाट तीस वर्षं पायाखालची, पण त्या दिवशी दोनदा चुकलो. अंगणात तुला आडवं ठेवलेलं होतं. आणि मुंजा, त्या रडारडीत मला पहिलं काय आठवावं? तुझी ती पहिली शिवी.

मी तेव्हा पॅसेंजरवर गार्ड होतो. तू लग्नात, जत्रेत लाऊडस्पीकर लावायचास. तुझे भोंगे, तुझी मशीन आणि एक लोखंडी पेटी माझ्या डब्यात चढवलीस. मी पेटी सरकवून आडवी टाकली, तर तू अंगावर आलास. “आडवं नका ठिवू! उभं, उभं! मढं हाय का ते?” मी गणवेशात, माझा पारा चढला. विचारलं, काय आहे एवढं पेटीत? तू शांतपणे म्हणालास, “बाया हायत. गाणाऱ्या.” मी पेटी उघडायला लावली. आत रेकॉर्डी, जुन्या कॅलेंडरच्या पानांची पाकिटं करून एकीला एक लावून उभ्या ठेवलेल्या. माझ्या घरी तेव्हा मोजून अकरा रेकॉर्डी होत्या आणि आख्ख्या जिल्ह्यात असला नाद फक्त आपल्यालाच आहे असा माझा समज होता. पिंगळी येईपर्यंत मी तुझी अर्धी पेटी बघून काढली. उतरताना तू ‘तुमी’वरून ‘तू’वर आला होतास. “ये की एखाद्या दिवशी. तुझ्या अकरा घिऊन ये.”

त्या दिवशी तुला आडवं बघून मला वाटलं, कुणीतरी ओरडायला पाहिजे होतं. उभं ठेवा म्हणून. कुणी ओरडलं नाही. मीही नाही.

आपला नेम तूच घातलास. ज्यानं नवी रेकॉर्ड आणली, त्यानं तिच्यावर पहिली सुई ठेवायची नाही. ती दुसऱ्यानं ठेवायची. मी म्हणालो, हे कसलं खूळ? तू आयुष्यभर लग्नं वाजवलेला माणूस, म्हणालास, “नवरदेव सोताच्या डोक्यावर सोता अक्षता टाकतो का? ते दुसऱ्यानंच टाकाव्या लागतेत.” झालं. त्या दिवसापासून आपल्या दोघांत एकही नवी रेकॉर्ड कुणी एकट्यानं ऐकली नाही. तुला टायफॉइड झाला तेव्हा माझी हैदराबादहून आणलेली एक लाँगप्ले दीड महिना तशीच पडून होती. मी रोज कव्हरमधून काढायचो, वास घ्यायचो, परत ठेवायचो. माझी बायको म्हणायची, पूजा तरी करा तिची. तू बरा होऊन पूर्ण्याला आलास, पाणीसुद्धा न पिता सरळ सुई ठेवलीस, आणि दहा मिनिटांनी म्हणालास, “ह्याच्यासाठी एवढं थांबलास व्हय?” मला तुझा गळा दाबावासा वाटला होता.

तुला लांबलचक गाणं कधी आवडलंच नाही. मी लाँगप्लेवाला, तू तीन मिनिटांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डींचा. मी एक बाजूभर चाललेला संथ राग लावला की तू तंबाखू मळायला घ्यायचास. “तीन मिन्टात सांगता येत न्हाई त्याला सांगायचंच न्हाई उत्तम. नुसतं अंगणात फिरायलाय, घरात कामून येईना?” मी म्हणायचो, तुला धीर नाही. तू म्हणायचास, त्याला दार सापडंना. हा वाद तीस वर्षं चालला आणि मिटला नाही. खरं सांगू? आता मी ती बाजू लावतो तेव्हा मलाही मधेच वाटतं, हा घरात कामून येईना. तुझ्या हयातीत हे कबूल केलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही केलं. मला हरायला आवडत नाही. हे तुला ठाऊक होतं. याच्यापुढचं मात्र तुला ठाऊक नव्हतं, आणि तेच सांगायला मी बसलोय.

तुझ्या माळवदाची खोली आठवते? बाकी घरावर पत्रे चढले, पण ती एक मातीच्या छताची खोली तू पाडू दिली नाहीस. मे महिन्यात खिडकीला ओलं पोतं, आत अंधार, आणि भिंतीशी रेकॉर्डी उभ्या. आपल्याकडच्या उन्हात रेकॉर्ड पापडासारखी वाकडी होते, तू बरोबरच करत होतास. वहिनी मात्र बोलून घ्यायच्या. “माणसं पत्र्याखाली भाजायलेत, अन् ह्यांच्या बाया माळवदात गारव्याला!” तू हसायचास. तिथंच कोपऱ्यात ती होती. फाटक्या लेबलाची.

तिचं लेबल उंदरानं की वाळवीनं खाल्लेलं. कंपनी कळत नाही, साल कळत नाही, गाणारीचं नाव नाही. नांदेडला एका भंगारवाल्याच्या ढिगात तुला सापडली. पहिली सुई मी ठेवली होती. चावी भरलेला तुझा ग्रामोफोन, नवी सुई, आणि मग ती बाई. काय आवाज होता, मुंजा! साधी गजल, मागं एक सारंगी, बास. आणि गाणं संपल्यावर, जुन्या काळच्या चालीप्रमाणं, तिनं स्वतःचं नाव सांगितलं. घाईघाईनं, लाजल्यासारखं. तू उठून बसलास. “बघितलं का? आधी गायली, मंग नाव सांगितलं. आपुन आधी नाव सांगतो, अन् गाणंच न्हाई.” पुढं ग्रुपवर लोकांनी त्या रेकॉर्डबद्दल विचारलं, तर तिचं नाव तू कधी सांगितलं नाहीस. “ज्याला पायजे त्यानं पिंगळीला यावं.” कुणी आलं नाही. ती दुसरीकडं कुठं असल्याचं आपल्याला कधी कळलं नाही. आपल्यापुरती ती एकच होती.

ती मी वर्षभर मागत होतो. मोबाईलवर उतरवून ठेवतो म्हणून. तू नाही म्हणायचास. मग तीन वर्षांपूर्वी, आपल्या नेहमीच्या भेटीच्या एका गुरुवारी, तूच ती कपड्यात गुंडाळून माझ्या हातात दिलीस. “पंधरा दिस. वाजव, ऐक, उभी ठिव. दुसरं काई करू नको.”

दुसरं काई करू नको, असं तू म्हणाला होतास. मी केलं.

ग्रुपवर एकानं लिहिलं होतं की कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून पुसलं की रेकॉर्ड नव्यासारखी होते. त्यानं ते आताच्या प्लास्टिकच्या रेकॉर्डींबद्दल लिहिलं होतं. मी शहाणा, मी एवढं वाचलंच नाही. म्हटलं, आधी स्वच्छ करू, मग उतरवू, मुंजाला चकित करू. मेडिकलवरून स्पिरिट आणलं. बोळा फिरवला तर काळाकुट्ट. मला काय आनंद झाला! किती वर्षांचा मळ निघतोय म्हणून मी दुसरा बोळा घेतला, तिसरा घेतला. सगळे काळे. पाचव्या बोळ्याला माझा हात थांबला. मळ एवढा नसतो. लाखेची रेकॉर्ड स्पिरिटमध्ये विरघळते, मुंजा. लाकडाला पॉलिश करणारा कुठलाही सुतार हे सांगतो. मी रेकॉर्डच पुसून काढत होतो.

वाळल्यावर तिची सगळी चकाकी गेली होती. लावून पाहिली. तेलात काहीतरी तळल्यासारखा आवाज, आणि त्याच्या खाली कुठंतरी ती बाई. नाव तर ऐकूच आलं नाही. मी पलंगावर बसून रडलो, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मी सांगायचं ठरवून आलो होतो, देवाशपथ. पिंगळीपर्यंत गाडीत वाक्यं जुळवत होतो. तू रेकॉर्ड कपड्यातून काढलीस, लावलीस. आवाज ऐकून सुई उचललीस. दुसरी सुई लावलीस. परत तेच. मग रेकॉर्ड खिडकीशी नेलीस, पोत्याच्या फटीतून उजेड येत होता तिथं धरलीस. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तू म्हणालास, “माझ्याच हातानं गेली उत्तम. मागल्या उन्हाळ्यात वल्ल्या फडक्यानं पुसली व्हती मी, मंग लावलीच न्हाई. तवाच काईतरी झालं आसंल.”

मी म्हणालो, “आसंल.”

एवढंच. एक शब्द. नोकरीत अख्खा जन्म मी गार्डाच्या बुकात गाडीला उशीर का झाला त्याचं खरं कारण लिहिलं. इंजिन, सिग्नल, रुळावरची म्हैस, माझी स्वतःची चूक झाली तर तीही. आणि तुझ्यासमोर बसून मी ‘आसंल’ म्हणालो आणि वहिनींनी आणलेला चहा प्यायलो.

मला वाटलं, एक रेकॉर्ड गेली. वाईट झालं, पण संपलं. संपलं कुठं? पुढच्या खेपेला मी एक नवी घेऊन आलो. नेमाप्रमाणं पहिली सुई तुझी. तू हात मागं घेतलास. “तूच ठिव. माझ्या हाताचा भरोसा ऱ्हायला न्हाई.” मी थट्टेवारी नेलं, म्हणालो, म्हातारा झालास की काय. तू हसला नाहीस. त्यानंतर तीन वर्षं तुझ्या रेकॉर्डींवरही मीच सुई ठेवली आणि माझ्या रेकॉर्डींवरही मीच. तू रेकॉर्ड पुसायचं सोडलंस. कपड्यात हात गुंडाळून कडेनं धरायचास, काचेची असल्यासारखी. दोनदा मी सांगायला निघालो होतो. एकदा पालमला बसस्टँडवर, एसटीची वाट बघताना. तू म्हणालास, काय रे, काय म्हणायलास? मी म्हणालो, ऊन लय झालंय.

आणि खरं तर याच्याहून वाईट सांगायचं आहे. मला ते आवडायला लागलं होतं. सुई माझ्या हातात आली होती. तू मला विचारायचास, ही लावायची का, ती लावायची का. तीस वर्षं तू गुरू होतास, आता मी झालो होतो. तुझे हात मी चोरले आणि वर त्यांच्या जागी माझे मिरवले.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर वहिनींनी मला माळवदात बोलावलं. “भावजी, ह्यांचं काय करायचं ते तुमीच सांगा. ह्या घरात ह्यातलं कुणाला कळत न्हाई.” आणि एक पाकीट पुढं केलं, दोऱ्यानं बांधलेलं. “ही त्यांनी नांदेडहून आणली व्हती. वाजवली न्हाई. म्हणले, उत्तमच्या डोळ्याचं आपरेशन झालंय, पट्टी निघू द्या.” तू गेलास तेव्हा पट्टी निघून आठ दिवस झाले होते. मी आळस केला होता, थंडी होती म्हणून.

मग मी कोपऱ्यातून फाटक्या लेबलाची काढली. टाकून दिली नव्हतीस. तू प्रत्येक पाकिटाच्या मागं लिहायचास, कुठून आणली, पहिली सुई कुणाची. हिच्या मागं होतं : ‘नांदेड. पहिली सुई – उत्तम.’ खाली नंतरच्या पेननं, अक्षर जरा वाकडं : ‘माझ्या हातानं खराब झाली. वल्लं फडकं. कुणाचा दोष न्हाई.’

कुणाचा दोष न्हाई. असं कशाला लिहिलंस? मनात आलं, म्हणजे याला कळलं होतं. कळलं होतं आणि यानं मोठ्या मनानं मला सोडून दिलं. घटकाभर मी त्या विचाराला धरून बसलो, बरं वाटलं. पण मुंजा, मी तुला ओळखतो. तुला कळलं असतं तर माळवदापासून स्टेशनापर्यंत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत आला असतास, आणि पुढच्या गुरुवारी परत बोलावलं असतंस. तू असली मुकी माफी देणारा माणूस नव्हतास. तुला कळलं नव्हतं. तू खरंच स्वतःलाच दोष देऊन गेलास.

मी वहिनींना सांगितलं. सगळं. स्पिरिट, बोळे, ‘आसंल’. खाली बघूनच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “परभणीला दवाखान्यात दाखवले व्हते त्यांनी हात. डाक्टर म्हणले, काईच न्हाई, चांगले हायत. ह्यांना पटंना. तीन वर्सं च्याचा कप बी दोन्ही हातानं धरायचे.”

मी म्हणालो, वहिनी, मला माफ करा.

“मला कशाला?” त्या म्हणाल्या. “माजी रेकॉर्ड व्हती का? त्यांना सांगायचं व्हतं भावजी. एवढं बोलायचे तुमी दोघं, एवढं भांडायचे. हे तेवढं न्हाई सांगता आलं?”

याचं उत्तर तुझ्याकडं असलं तर बघ.

मी खिशातून पेन काढलं. तुझ्या ओळीवर काट मारली नाही, तुझं अक्षर आहे ते. त्याच्या खाली लिहिलं, गार्डाच्या बुकात लिहायचो तसं, कारण आणि सही : ‘ही रेकॉर्ड उत्तमनं स्पिरिटनं पुसून खराब केली. मुंजाजीनं नाही. मुंजाजीच्या हातांना काहीही झालेलं नव्हतं.’ त्याच्याखाली त्या बाईचं नाव लिहिलं. तिचं नाव तिच्या तोंडून ऐकलेला आता मी एकटाच उरलोय, आणि माझा काय भरोसा. इथं लिहीत नाही. ज्याला पाहिजे त्यानं पिंगळीला यावं. रेकॉर्डी माळवदातच राहतील, असं मी वहिनींना सांगितलंय. गुरुवारी मी येत जाईन, पोतं ओलं करायला तरी. बालाजी म्हणाला, काका, मला शिकवा कशा ठेवायच्या. पहिला धडा दिला त्याला : उभ्या.

मग तुझं ते नवं पाकीट राहिलं. तू आणलेली, म्हणजे पहिली सुई माझी. ही मात्र नेमानं माझी होती, चोरलेली नव्हती. वहिनी दाराशी बसल्या. मी दोरा सोडला, चावी भरली, सुई बदलली. ग्रुपवर फोटो टाकला नाही. सुई धरून हात रेकॉर्डवर नेला, आणि तो थरथरायला लागला. कडेलाच दोनदा सटकला. तिसऱ्यांदा डावा हात उजव्याच्या खाली धरावा लागला, तेव्हा कुठं टेकली.

तुझा हात कधीच असा थरथरला नव्हता, मुंजा. मी बघत होतो ना.